साडेचारनंतरची शाळा

रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत मी सहावीत असताना आमच्या वर्गावर नवीन बाई आल्या. साल नेमकं आठवत नाही, पण एकोणीसशे तीस उलटून दोनतीन वर्षं झाली असावीत. बाई साताऱ्याकडच्या. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला. थोरल्या भावानं घरातल्यांशी भांडून त्यांना शिकवलं, पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं, आणि पहिली नेमणूक निघाली ती थेट कोकणात. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो आमच्याच गावात. "एवढं पाणी, आणि विहिरीवर मात्र रांग," असं त्या पहिल्या दिवशी वर्गात म्हणाल्या आणि आम्ही सगळ्या हसलो. बाईही हसल्या. शिकवणाऱ्या बाई हसतात हे आम्हांला नवीन होतं.

त्या भूगोल शिकवायच्या. भरती-ओहोटीचा धडा आला तेव्हा पुस्तक मिटून त्यांनी विचारलं, "ओहोटीला खाडीत काय काय दिसतं? मी देशावरची. मला ठाऊक नाही. तुम्ही सांगा."

वर्गात तिसेक मुली होतो. वकिलांच्या, डॉक्टरांच्या, दुकानदारांच्या, कचेरीतल्या कारकुनांच्या. प्रत्येकीच्या घरापासून समुद्र फार तर अर्ध्या तासाच्या वाटेवर. पण एकीलाही उत्तर देता येईना. आम्ही समुद्रावर जायचो ते नारळी पौर्णिमेला, घरच्या माणसांबरोबर. मांडवीच्या बंदरावर बसायचो, वारा खायचो आणि दिवेलागणीच्या आत परत. चिखलात पाय घालणं हे कोळणींचं काम, आमचं नव्हे, असं आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते आम्हांला पक्कं माहीत होतं.

बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आपण सगळ्या एकाच इयत्तेत आहोत."

शाळा साडेचारला सुटायची. आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, ज्यांना घरून परवानगी मिळेल त्यांनी बाईंबरोबर बाहेर जायचं असं ठरलं. अकरा जणींना मिळाली. मला मिळाली याचं कारण माझे वडील कोर्टात बेलीफ होते. समन्स घेऊन ते गावोगाव पायी हिंडत. माणसानं चालावं, असं त्यांचं साधं मत होतं.

पहिल्यांदा भाट्याच्या खाडीवर गेलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली होती. बघायला पाण्याशिवाय काही नाही. काठावर एक कोळीण पाटी पालथी घालून त्यावर बसली होती. वय झालेलं, हात मात्र दणकट. आमचा तो ताफा बघून तिनं विचारलं, "काय हो बाई, तरीतून पल्याड जायचं हाय?"

बाईंनी आपण कशाला आलो ते सांगितलं. ती गालातल्या गालात हसली. "घड्याळ बगून येऊ नका. तिथ बगून या. तिथीची पाऊणपट करायची. जेवढं येईल तेवढ्या वाजता पाणी भरलेलं. तिथनं सहा तासांनी सुकलेलं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी हे गणित फळ्यावर घातलं. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती. पौर्णिमा पंधरावी, पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास खाडी उघडी. लहानपणी छड्या खाऊन पाठ केलेली पाऊणकी आमच्या उपयोगी पडली ती त्या दिवशी. मग तसंच ठरून गेलं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास खाडी, अष्टमीच्या आसपास गावावरचा सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ. बाईंच्या टेबलावर हजेरीपटाशेजारी पंचांग दिसू लागलं. दुसऱ्या वर्गाच्या बाई त्यांना थट्टेनं भटजी म्हणत.

पौर्णिमेला आम्ही पुन्हा गेलो आणि त्याच जागी वेगळीच खाडी दिसली. पाणी मधल्या पात्रात उतरलं होतं आणि दोन्ही बाजूंना चिखल चकाकत होता. तिवरांची मुळं बोटांसारखी चिखलातून वर आली होती. एक नांगी तांबडी आणि अंगापेक्षा मोठी, असले खेकडे बिळांच्या तोंडाशी उभे राहून ती नांगी हलवत होते. निवट्या चिखलावर टुणटुण उड्या मारत होत्या. मासा पाण्याबाहेर चालतो हे बाईंना खरं वाटेना. त्या गुडघे टेकून बसल्या, आणि त्यांचं पांढरं लुगडं चिखलानं भरलं तरी उठल्या नाहीत. कोळणीनं तिवराचं पान तोडून आमच्यापुढे धरलं. "चाटून बगा." पान खारट लागलं. "झाड पानातनं मीठ टाकून देतं. आपल्याला घाम येतो तसंच." कुणाच्या पुस्तकात ते नव्हतं. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

तिला आम्ही मावशी म्हणू लागलो. वाळूच्या पट्ट्यावर तिसऱ्यांचे शिंपले कसे शोधायचे, वाळूवरच्या दोन बारीक भोकांवरून खाली काय आहे ते कसं ओळखायचं, हे तिनं आम्हांला शिकवलं. घरी मासे न चालणाऱ्या मुलीसुद्धा तिसऱ्या वेचून तिच्या पाटीत टाकायच्या.

त्रिपुरी पौर्णिमा त्या वर्षी रविवारी आली. शाळेला सुट्टी, म्हणून बाई आम्हांला शुक्रवारीच घेऊन गेल्या. त्रयोदशी होती. दोन दिवसांनी काय फरक पडतो, असं त्यांना वाटलं असावं. आम्हांलाही वाटलं. पाऊणकी कुणीच केली नाही.

खाडीचं पात्र ओलांडून पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर गेलो तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. पट्टा रुंद, कोरडा. पुढे समुद्राची फेसाची रेघ लांब दिसत होती. आम्ही तिच्यावर डोळा ठेवून होतो. ती जवळ आली की निघायचं. आम्ही शिंपले वेचत होतो. वकिलांची मुलगी माझ्याशेजारी होती. तिच्या ओच्यात इतके शिंपले झाले होते की चालताना खुळखुळत.

तेवढ्यात काठावरून हाक आली. मावशी हात वर करून ओरडत होती. वाऱ्यानं शब्द तुटत होते. मग ती पाण्यात उतरून आमच्याकडे येऊ लागली आणि जवळ आली तेव्हा ऐकू आलं, "पाणी बगा. ते पुढनं येत नाय, तुमच्या मागनं येतं."

तेव्हा कुठे आमचं पात्राकडे लक्ष गेलं. जे पात्र घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलं होतं, ते आता भरून वाहत होतं. आवाज नाही, लाट नाही. मावशीच्या कमरेला पाणी लागलं होतं आणि ती आमच्याहून उंच होती.

तिनं आम्हांला एका ओळीत उभं केलं. स्वतः पुढे, बाई सगळ्यांत मागे. "हात सोडायचा नाय. पाय उचलायचा नाय, घाशीत चलायचं." आम्ही तशाच निघालो. परकर फुगून वर आले. पाणी गार होतं आणि पायाखालची वाळू सरकत होती. मध्यावर माझा पाय सुटला. नाकातोंडात खारं पाणी गेलं, काही दिसेना, पण दोन्हीकडचे हात घट्ट होते. त्यातला एक वकिलांच्या मुलीचा. तिनं ओचा सोडून दिला होता.

काठावर आल्यावर बाईंनी आम्हांला मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं. मग त्या वाळूत खाली बसल्या. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. आज मी हिशेब केला नाही. तेरा पाऊणे पावणेदहा, म्हणजे पावणेचारलाच ओहोटी संपली होती. तुम्ही घरी हेच सांगा, बाईंची चूक झाली म्हणून."

आम्ही सांगायच्या आत त्याच सगळ्यांच्या घरी गेल्या. ओल्या लुगड्यानं, एकेका दारात उभं राहून. आमच्याकडे आल्या तेव्हा दिवा लागला होता. वडिलांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "मुलगी आली ना घरी," एवढंच म्हणाले. आईनं बाईंच्या पुढ्यात चहा ठेवला. वाटीत मीठ घेऊन माझ्यावरून उतरून टाकलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, बाईंवरूनही टाकलं.

सगळ्या घरी असं झालं नाही. वकिलांनी शाळेच्या मंडळाकडे तक्रार केली. साडेचारनंतरची शाळा बंद झाली.

बाई मात्र गप्प बसल्या नाहीत. भांडल्या असंही नाही. दर महिन्याला मंडळाकडे एक अर्ज द्यायच्या, शांतपणे, त्याच मजकुराचा. चौथ्या महिन्यात उत्तर आलं. पाण्यात उतरायचं नाही, फक्त सड्यावर जायचं, आणि दर वेळी एखाद्या मुलीची आई बरोबर हवी. अट घालणाऱ्यांना ठाऊक होतं की एकही आई येणार नाही. संध्याकाळच्या वेळी घर टाकून, दगडधोंड्यांत, मुलींमागे.

बाई घरोघर विचारून आल्या. कुणाला सवड नव्हती, कुणाला ते बरं दिसेना. आमच्याकडे त्या शेवटी आल्या, नकाराची सवय झाल्यासारख्या. आई भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी येन."

मला धस्स झालं. ते का, हे सांगायला मला आजही बरं वाटत नाही. माझी आई मंडणगडच्या वरच्या डोंगरातल्या एका शेतकरी वाडीतली. लिहिता-वाचता येत नव्हतं. शहरात येऊन दहा वर्षं झाली तरी तिची बोली तशीच होती. आमच्या वर्गातल्या मुली 'आहे' म्हणत, ती 'हाय' म्हणे. 'बघा'ला 'बगा', 'होय'ला 'व्हय'. ती एकदा शाळेत माझा डबा द्यायला आली होती, तेव्हा वकिलांच्या मुलीनं मागून तिची नक्कल केली होती आणि सगळ्या हसल्या होत्या. मीही हसले होते. आईनं ते ऐकलं की नाही मला कळलं नव्हतं.

ज्या दिवशी जायचं होतं त्या सकाळी मी वेणी घालून घेताना तिला म्हटलं, "आये, तिथं फार बोलू नकोस हं."

तिनं वेणीची गाठ मारली. मग ती म्हणाली, "बरं."

फाल्गुन होता. कुवारबावच्या वाटेवरचा तो सडा म्हणजे काळसर, खडबडीत कातळाचं मैलभर पसरलेलं पठार. पावसाळ्यात त्यावर फुलांचे ताटवे असतात, पण तेव्हा गवतही वाळून भुरकं झालेलं. आम्ही तिथं उभ्या राहिलो आणि बाईंना काय दाखवावं कळेना. त्यांनी कातळ कसा तयार होतो ते सांगायला सुरुवात केली. मुली पायानं खडे उडवत होत्या. आई सर्वांत मागून अनवाणी चालत होती. ती खरोखरच एक शब्दही बोलली नाही. कुणी काही विचारलं तर मान हलवायची.

मग एक टिटवी उठली. डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. आमच्या उजव्या हाताला जाऊन खाली बसली, पंख ओढत थोडी चालली, पुन्हा उठली. मुलींना गंमत वाटली. "पंख मोडलाय तिचा, चला बघू," म्हणून त्या तिकडे निघाल्या. बाईंनीही वाट बदलली.

आई माझ्या शेजारी उभी होती. ती त्या पक्ष्याकडे बघत नव्हती. पलीकडे, उलट्या दिशेला, जमिनीकडे बघत होती. तिकडे दोन मुली मागे रेंगाळल्या होत्या आणि आता धावत आमच्याकडे यायच्या बेतात होत्या. आईचा चेहरा मी पाहिला. तिला बोलायचं होतं आणि ती बोलत नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"बोल ना," मी म्हटलं.

"उभ्या ऱ्हा," आई मोठ्यानं म्हणाली. शेतातल्या माणसाला शेतातल्या माणसानं हाक मारावी तसा आवाज सड्यावरून गेला. "कोनी पाय उचलू नका."

सगळ्या थिजल्यासारख्या थांबल्या. बाईसुद्धा. आई सावकाश, एकेक पाऊल बघून टाकत त्या दोन मुलींपर्यंत गेली, त्यातल्या एकीचा खांदा धरला आणि बोटानं खाली दाखवलं. तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर, कातळातल्या एका खळगीत, चार अंडी होती. खड्यांच्या रंगाची, खड्यांसारखेच डाग असलेली, टोकं आतल्या बाजूला वळवून ठेवल्यासारखी. ना काडी, ना गवत. दाखवल्यावरही दोघीतिघींना ती दिसेनात.

आम्ही एकेक करून, आई सांगेल तिथंच पाय ठेवत, जाऊन पाहून आलो. टिटवी लांब जाऊन ओरडत होती.

बाजूला आल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्हांला कसं कळलं?"

आईनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"ती वरडते तिथं कदी नसतंय," आई म्हणाली. "आपल्याला लांब न्यायला बगते. पंख मोडल्याचं सोंग करते. ती जिथनं उठली ते ध्यानात ठेवायचं. आनी मंग ती जिकडं पाठ करते तिकडं बगायचं."

"अजून काय आहे इथं?" बाईंनी विचारलं. वर्गात आम्हांला उत्तर येत नसताना त्या जशा विचारत, तशा नाही. खरंच माहीत नसलेल्या माणसासारखं.

आईनं आजूबाजूला पाहिलं, जणू कुठून सुरुवात करावी असा विचार करत. मग ती चालू लागली आणि आम्ही तिच्यामागे. सशाच्या लेंड्या दाखवल्या, त्या ताज्या की शिळ्या ते कसं ओळखायचं ते सांगितलं. सड्याच्या कडेला उतरणीवर आईन आणि किंजळीची झाडं होती, शेंडे तोडलेली. ही कुणी मोडली, असं एकीनं विचारलं, तेव्हा आईनं राबाची सगळी गोष्ट सांगितली. फांद्या तोडून शेतात कशा पसरतात, त्यावर गवत-माती घालून कसं जाळतात, त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप कसं जोमानं येतं, आणि कुठलं झाड तोडलं तर पुन्हा फुटतं, कुठलं नाही. ती बोलत होती 'हाय' आणि 'नाय' आणि 'बगा' करत, आणि बाई चालता चालता वहीत लिहीत होत्या. एका ठिकाणी त्यांनी थांबवून विचारलं, "किंजळ म्हणालात की किंजळी?" आई म्हणाली, "आमी किंजल म्हनतो. तुमी तुमचं लिवा." बाईंनी 'किंजल' लिहिलं.

घरी येताना वाटेत मी आईचा हात धरला. मोठी झाल्यापासून धरला नव्हता. मी म्हटलं, "आये, सकाळी मी जे बोलले ते—"

"पाय भरले तुजे?" तिनं विचारलं. "घरी गेलीस की गरम पाण्यात घाल." त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

पुढची दोन वर्षं आई दर आठवड्याला आली. पावसात घोंगडीची खोळ घेऊन आली. टाकळा, कुर्डू, भारंगी आणि फोडशी या रानभाज्यांचा पाला तिनं आमच्याकडून हातांनी ओळखून घेतला, डोळे मिटून. भाद्रपदात सड्यावर सीतेच्या आसवांची जांभळी चादर पसरली तेव्हा ती म्हणाली, हे फूल आपल्याला कशालाच उपयोगी नाही, नुसतं बघायचं. बाईंना पुस्तकातून कळलं होतं की ते रोपटं मुळाशी बारीक किडे पकडून खातं. त्यांनी ते सांगितलं तेव्हा आई चकित झाली. आपल्याला ठाऊक नव्हतं असं काही या सड्यावर आहे, याचा तिला आनंद झालेला दिसला. घरी येऊन तिनं वडिलांना ते दोनदा सांगितलं.

वर्षभरानं मंडळानं खाडीची बंदी उठवली. कशी, ते नीट कळलं नाही. वकीलसाहेबांनीच शब्द टाकला, असं त्यांच्या मुलीनं मला सांगितलं. ती रोज जेवताना घरात टिटवीची आणि राबाची गोष्ट सांगे. शेवटी ते म्हणाले, "जा बाई, पण त्या मंडणगडच्या बाई बरोबर असतील तरच." पाण्यात उतरायच्या आधी आता आम्ही अकराही जणी मोठ्यानं पाऊणकी म्हणायचो. मावशी आणि आई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा दोघींनी एकमेकींना आपादमस्तक न्याहाळलं. मग मावशीनं विचारलं, "गाव कनचं?" आणि त्या दोघी काठावर जाऊन बसल्या. आम्हांला त्या दिवशी कुणीच काही शिकवलं नाही.

मी शेवटच्या वर्गात असताना बाईंच्या भावाचं पत्र आलं. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, बघायला कुणी नव्हतं. बाई गेल्या. आंबा घाटातून जाणाऱ्या मोटारीत त्यांना बसवून द्यायला आम्ही सगळ्या गेलो होतो. जाताना त्यांनी माझ्या आईच्या हातात ती जाड वही ठेवली. आई म्हणाली, "मला कुटं वाचता येतं?" बाई म्हणाल्या, "तुम्हांला वाचायची गरज नाही. ही वाचील, तुम्ही चुका सांगा." आणि तसं झालंही. मी वाचायची, आई ऐकायची. बाईंच्या वहीत तीन चुका निघाल्या. त्या मी पत्रानं कळवल्या, आणि बाईंचं आभाराचं कार्ड आलं.

नवीन बाई चांगल्या होत्या, पण साडेचारला त्यांना घरी जायचं असे. हळूहळू मुली गळाल्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणी मुंबईला गेली. शेवटी उरलो तिघी: वकिलांची मुलगी, मी आणि आई.

परीक्षा झाली त्या आठवड्यात आम्ही शेवटचं सड्यावर गेलो. मला पुढे ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं होतं, आणि वकिलांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं, चिपळूणला. ऊन फार होतं. कडेच्या जाळीत करवंदं पिकली होती, ती पळसाच्या पानात घेऊन आम्ही एका कुंभ्याच्या झाडाच्या सावलीत बसलो. वकिलांच्या मुलीनं आईला विचारलं, सासरी नदीकाठी घर आहे, तिथं काय बघायला मिळेल. आई म्हणाली, "मला काय म्हायती? मी कदी गेली नाय. तू बग आनी मला सांग." थोड्या वेळानं ती आईच्या मांडीवर डोकं टेकून झोपून गेली. ओठ करवंदांनी जांभळे झालेले. आई पाय न हलवता बसून राहिली. ऊन उतरलं, समुद्राकडून वारा सुटला, दूरच्या वाडीतली गुरं परतू लागली. मी दोनदा म्हटलं, उठवू का. आईनं दोन्ही वेळा नको म्हणून हात केला, आणि मुलीच्या केसांत अडकलेली गवताची कुसळं एकेक करून काढत राहिली.